गोळा गाळलेलं कीर्तन

कोणतीही गोष्ट आणा, मी तिचं कीर्तन करून दाखवतो, असं मी त्या काळी चारचौघांत बिनदिक्कत सांगत असे. एस.टी.चं वेळापत्रक आणा. पूर्वरंगात 'जीव हा प्रवासी आणि देह हा थांबा' एवढा विषय लावायचा, मध्ये थोडं नामस्मरण, आणि उत्तररंगात आर्वीची शेवटची गाडी चुकलेल्या म्हाताऱ्याचं आख्यान. रडतील लोक! खताच्या पोत्यावरचा मजकूर आणा, त्याचंही करतो. केलं मात्र एकाचंही नव्हतं. आमचं सगळं भांडवल ऐकीव.

नाचणगावात माझं शिलाईचं दुकान. मशीन पायानं चालते, आणि पाय एकदा का तालावर पडला की सदरा कुठल्या दिशेनं चालला आहे याकडे लक्ष राहत नाही. सप्ताहाच्या दिवसांत मी शिवलेले कपडे गावात लगेच ओळखू येत. मी म्हणे, त्या शिवणीत झांजा वाजतात. आमच्या घरच्या, आनंदाबाई, म्हणत, "झांजा नाई वाजत. बाही उलटी लागली हाये."

पण कीर्तन मला मनापासून आवडे, अजूनही आवडतं. एक माणूस उपरणं खांद्यावर टाकून उभा राहतो आणि समोरच्या पाच-पन्नास थकलेल्या माणसांना घटकाभर शहाणं करतो, याहून मोठी कला मला माहीत नाही. घटकाभरच करतो, हेही खरं. माझ्या लहानपणी आमच्याकडे येणाऱ्या एका म्हाताऱ्या बुवांनी मला एक नियम सांगून ठेवला होता: "पोरा, उत्तररंग कितीही रडवा असो, देव आल्याशिवाय श्रोत्याला घरी धाडायचं नाही." हा नियम ध्यानात ठेवा. पुढं त्यानंच घात केला.

झालं असं की एका वैशाखात प्रेमदास माझ्या दुकानात आला. प्रेमदास म्हणजे आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या नानाजी आणि कमलाबाईंचा मुलगा. वर्ध्याला कॉलेजात शिकवायचा. त्याच्या मित्रमंडळींनी कुठून तरी एक माहितीपट मिळवला होता आणि सिनेमा दाखवायची मशीन घेऊन ते गावोगाव हिंडत होते. तळेगावला दाखवला, आष्टीला दाखवला. आष्टीला म्हणे बेचाळीसच्या चळवळीतले दोन म्हातारे मधेच उठून उभे राहिले आणि सिनेमा संपेपर्यंत बसलेच नाहीत.

"आता आपल्या गावात दाखवायचा आहे काका," प्रेमदास म्हणाला. म्हणाला म्हणजे कुजबुजला, कारण आठ गावं समजावून सांगून त्याचा घसा पार बसला होता. "सिनेमा इंग्रजीत आहे. कोणीतरी मराठीत सांगायला पाहिजे. मी मशीन चालवतो. तुम्ही…"

"मी सांगतो," मी म्हणालो. वाक्य पुरं होऊ देण्याचा माझा स्वभाव नाही.

"मग माइक बघतो कुठं मिळतो का."

"माइक? अरे, कीर्तनकाराचा गळा हाच त्याचा भोंगा. माइक लागतो पुढाऱ्यांना."

मग त्यानं मला गोष्ट सांगितली आणि मी ती सदरा शिवत ऐकली. व्हिएतनामची लढाई. ती थांबवा म्हणून तिकडच्याच, लढाई करणाऱ्या देशातल्या माणसांनी वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे. पोरांचे फोटो छातीशी धरून उभ्या राहिलेल्या आया. दारूगोळा आणि शिपाई नेणाऱ्या आगगाडीपुढं रुळांवर आडव्या झालेल्या बायका. आणि शेवटी त्या सगळ्यांना म्हातारपणी गाठून विचारलेला एकच प्रश्न: तुम्ही एवढं केलं, त्यानं काय झालं?

"काय झालं मग?" मी पाय थांबवून विचारलं.

"उत्तर नाही दिलं सिनेमात. कोणी म्हणतं लढाई आमच्यामुळं थांबली, कोणी म्हणतं ती थांबणारच होती. एक म्हातारी म्हणते, मला ठाऊक नाही."

"आणि ती गाडी? बायका आडव्या झाल्या ती?"

"नाही थांबली. पोलिसांनी बायकांना ओढून बाजूला केलं. गाडी हळू झाली आणि गेली."

मला ते काही पटलं नाही. चांगलं आख्यान लावायचं आणि शेवटी 'ठाऊक नाही' म्हणून आरती घ्यायची, ही काय रीत झाली?

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवरून रूपराव उतरून गेला. रूपराव माझा शेजारी आणि लहानपणापासूनचा दोस्त. डेपोत कामाला. परगावच्यांना सांगायला हवं की आमच्या नाचणगावाला लागून पुलगाव आहे आणि पुलगावात लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे. आमच्या अर्ध्या गावाच्या चुली त्या डेपोवर पेटतात. सकाळी सायकलींची रांग तिकडं जाते आणि संध्याकाळी तीच रांग भाजी पिशवीत घालून परत येते. साधी, सज्जन माणसं. त्यांच्या तोंडावर 'दारूगोळा वाईट' असं ओरडायचं? ज्याच्या घरी पुरणपोळी खाल्ली त्याला तूप कमी होतं म्हणण्यासारखं ते. मन धजेना.

म्हणून मी एक युक्ती केली. दवंडी द्यायला गावचा कोतवाल श्रावण आला तेव्हा त्याला म्हटलं, "हे पाहा श्रावण, सिनेमा दारूगोळ्याच्या विरोधातला आहे. पण गावात डेपोची माणसं आहेत. कोणाचं मन दुखायला नको. तू त्यातला गोळा गाळ."

"गोळा गाळतो," श्रावण म्हणाला. "मंग काय राह्यते?"

"राहील ते सांग."

आणि श्रावणनं राहील ते सांगितलं. गल्लोगल्ली हलगी वाजवून त्याचा खडा आवाज फिरला: "ऐका हो ऐका! आज दिवस बुडल्यावर शाळेच्या पटांगणात दारूच्या विरोधातला सिनेमा हो! मधुकरराव टेलर समजावून सांगतीन हो!"

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे दुकानं बंद झाली होती आणि पिणं चालू होतं. मोहाची दारू कुठल्या नाल्यात गळते हे पोलिसांखेरीज सगळ्यांना माहीत. कमलाबाईंनी गावातल्या बायकांचं एक मंडळ जमवलं होतं. त्या फिरून भट्ट्या फोडत. त्यांचे नानाजी एके काळी फार पीत. कमलाबाईंनी त्यांना बुद्धाच्या तसबिरीपुढं पंचशील म्हणायला लावून सोडायला लावली होती, आणि त्यांनी ती सोडलीही होती. त्यामुळं बाईंच्या बोलण्याला गावात वजन होतं.

संध्याकाळी पटांगणात पाहतो तर काय, बायकाच बायका. पुरुष दहा-बारा, तेही भिंतीला चिकटून, लग्नात उधारीवाला दिसल्यासारखे. मला वाटलं, युद्धाच्या विषयात आयाबहिणींना किती आस्था! माझा ऊर भरून आला. आनंदाबाईंनी इस्त्री केलेलं उपरणं मी खांद्यावर टाकलं, बुक्का लावला आणि मीच शिवलेल्या पडद्याशेजारी उभा राहिलो. पडदा थोडा तिरपा होता, सप्ताह नुकताच संपलेला असल्यानं.

प्रेमदासनं मशीन चालू केली. त्या मशीनला भातगिरणीच्या घराण्यातलंच म्हणायला हवं, एवढा तिचा खडखडाट. मी गळा मोकळा केला. पूर्वरंगात मी सांगितलं की माणसाचा पहिला वैरी त्याच्याच घरात असतो, त्याचं नाव क्रोध. आणि क्रोधाच्या हातात शस्त्र आलं की… वगैरे. चांगलं साधलं होतं. पुरुषांतला एकटा रूपराव पुढंच बसलेला, म्हणून जिथं जिथं गोळा यायचा तिथं तिथं मी तो गिळला आणि उरलेल्या शब्दावर तेवढाच जोर दिला. "ही दारू! या दारूनं किती माउल्यांची कूस उजाड केली!"

"खरं हाये माय," बायकांतून आलं.

पडद्यावर हिरव्या पेट्या दिसू लागल्या. आगगाडीत भरायच्या. लांबोळक्या, दोन्ही बाजूंना दोरीचे कान. रूपराव उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, दुखावला. पण तो गेला नव्हता. थोड्या वेळानं पाहिलं तर भिंतीशी उभा राहून पाहत होता.

मग त्या फोटो धरलेल्या आया आल्या. इतकं गप्प पटांगण मी सप्ताहातही पाहिलं नव्हतं. त्या बायकांचे झगे वेगळे, केस वेगळे. पण फोटो धरायची रीत तीच, बोटं काचेवर न येऊ देता. कमलाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

आणि मग रूळ. एकेक बाई येऊन आडवी होते. समोरून इंजिन येतं. तेवढ्यात पोलीस येतात, ओढतात. मला पुढचं माहीत होतं. मला बुवांचा नियमही माहीत होता. समोर बसलेल्या या सगळ्या जणी आता 'नाही थांबली' एवढं घेऊन अंधारातून घरी जाणार? मी डोळे मिटले आणि कडाडलो, "आणि काय आश्चर्य! इंजिनवाला खाली उतरला! त्यानं हात जोडले! म्हणाला, माय, दारूची गाडी पुढं जाणार नाही!"

एवढं सांगून मी गजर सुरू केला. सिनेमातल्या म्हातारीचं 'मला ठाऊक नाही' त्या गजरात वाहून गेलं. इंग्रजीत होतं, कोणाला कळणार होतं? त्या रात्री मला जी झोप लागली, तशी फक्त यशस्वी माणसांना आणि लहान लेकरांना लागते.

सकाळी प्रेमदास मशीन घेऊन पहिल्या गाडीनं वर्ध्याला गेला. मी दुकान उघडून एका पोलक्याच्या बाहीशी बोलत होतो, तेवढ्यात श्रावण धापा टाकत आला.

"मधुकरभाऊ, चला. बाया रस्त्यावर निजल्या."

"कोणत्या बाया?"

"साऱ्या. तुमचं कीर्तन उतू गेलं."

मी टेप गळ्यात तशीच ठेवून धावलो. मोहल्ल्याकडं जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी गुलाबची बैलगाडी उभी होती. गुलाब म्हणजे गावातला भाड्याचा गाडीवान, कमी बोलणारा, बैलांहूनही कमी. गाडीपुढं धुळीत कमलाबाई आडव्या, त्यांच्या शेजारी मीराबाई, सुमित्राबाई आणि आणखी सहा-सात जणी, पदर खोचून, हात बांधून. आणि गाडीत पोत्यावर रुख्माबाई. रुख्माबाई जिथं बसतात तिथून उठेपर्यंत ती जागा त्यांचीच असते, असं त्यांचं वजन. दारू कोणी काढून नेऊ नये म्हणून मंडळानं त्यांना पोत्यावर ठेवलं होतं. वजनच ठेवायचं तर भक्कम ठेवावं.

काय घडलं होतं ते श्रावणनं मला वाटेत सांगितलं होतं. कमलाबाई सकाळी नळावरून घागर घेऊन येत होत्या. त्यांच्या मोहल्ल्यात विहीर नव्हती. पुरुष मंडळी दोन उन्हाळे स्वतःच्या हातानं एक खणत होती, पण खाली काळा खडक लागून काम अडून बसलं होतं. तर बाई घागर घेऊन येतात आणि समोर गुलाबची झाकलेली गाडी.

"काय हाये रे गुलाब गाडीत?"

"दारू," गुलाब म्हणाला.

"दारू? दिवसाउजेडी?"

"रातच्याले दिसत नाई."

"कोनं मागवली?"

"तुमच्या नानाजीनं."

बाईंच्या डोक्यावरची घागर म्हणे तिथंच हलली. गेले काही दिवस नानाजी संध्याकाळचे कुठं जातात ते घरी सांगत नव्हते.

"एकल्यासाठी?"

"नाई. साऱ्या मोहल्ल्यानं मिळून. आज सारी उडवून टाकू म्हने."

आता सांगा, यात खोटा एकही शब्द आहे का? गुलाब आयुष्यात खोटं बोलला नाही. एवढं कमी बोलल्यावर जमतही नाही ते.

मी पोहोचलो तेव्हा गाडीमागून एक उंच म्हातारा येत होता. नदीवर अंघोळीसाठी थांबला असावा, कपाळावर गंध ओलं होतं, गळ्यात तुळशीची माळ. हे महादेवराव. मूळ तळेगावचे. गाडीवरची बाई पाहताच ते जागच्या जागी थबकले.

"माय," ते अगदी हळू म्हणाले, "त्याच्यावर बसू नका. ते उडते."

"उडू द्या," रुख्माबाई म्हणाल्या. "मी बसली हाये तवर कायी नाई उडत."

"तुमी कोन जी?" कमलाबाईंनी धुळीतूनच विचारलं.

"मी महादेव. ही दारू माही हाये."

"गळ्यात माळ घालून दारूचं काम करता?"

"माळ घालूनच करतो. सारी जिंदगी दारूच्या कामात गेली. देवाचं नाव घेतल्याबिगर हातच नाई लावत मी."

"आयका," मीराबाई म्हणाल्या, "नैवेद्य बी दाखवत असंन."

माझ्या पोटात गोळा आला. जो मी काल संध्याकाळभर गिळत होतो, तोच असावा. सगळं एकदम समजलं. एक शब्द. एक शब्द मी काल उच्चारला असता तर आज ही माणसं धुळीत नसती. मी हात जोडून पुढं झालो.

"कमलाबाई, ही प्यायची दारू नाही. सुरुंगाची आहे. विहिरीच्या खडकाला लावायची. तुमच्याच विहिरीच्या."

मग 'सुरुंग' हा शब्द ओळीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं गेला आणि बायका उठून पळाल्या. इंजिनपुढून पोलिसांना ज्या हलवता आल्या नसत्या, त्या एका शब्दानं बाभळीपर्यंत पोचल्या. राहिल्या फक्त रुख्माबाई, पोत्यावर.

"मधुकर," त्या डोळे न हलवता म्हणाल्या, "म्या आता उठू का नको?"

मी महादेवरावांकडं पाहिलं. त्यांनी जवळ जाऊन हात पुढं केला. "उठा मावशी. ठिणगी लागत नाई तवर हे पीठ हाये. निसतं पीठ."

"पिठावर बी मी आजवर नाई बसली," रुख्माबाई म्हणाल्या आणि देवीची मूर्ती उतरवावी तशा उतरल्या.

हसू यायला हवं होतं, पण महादेवराव हसले नाहीत. त्यांनी गुलाबला गाडी वळवायला सांगितली.

"काऊन जी?" कमलाबाई आता उभ्या होत्या, पाठीला धूळ.

"मी चहा बी पेत नाई बाई. अन् भर रस्त्यात तुमी मले दारू इकणारा कलाल ठरवलं. संध्याकाळी मले आष्टीकडं जायाचं हाये, तिकडं लोक वाट पाहून राह्यले. त्याईची विहीर करतो. तुमची राहू द्या."

पाऊस तोंडावर होता. अर्धी खणलेली विहीर पावसात टिकत नाही, काठ आत ढासळतात. दोन उन्हाळ्यांची मेहनत मातीत जाणार आणि कमलाबाई आणखी एक वर्ष नळावर रांगेत. आणि हे सगळं माझ्या सज्जनपणानं.

तेवढ्यात नानाजी आले. विहिरीवरून धावत आलेले, अंगभर माती. त्यांनी वळणारी गाडी पाहिली, बायकोची धुळीनं भरलेली पाठ पाहिली, आणि न सांगता समजले.

"तुले वाटलं, मी पुन्हा…"

"हो," कमलाबाई म्हणाल्या. "वाटलं. सांजचे कुठं जाता ते सांगत नाई, मंग काय वाटन?"

"याईलेच शोधत होतो. पक्कं झाल्याबिगर सांगू नाई म्हणलं. दोनदा फसलो ना सुरुंगवाल्यापाई."

नानाजींनी तिच्या पाठीकडं पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "निजली ते बरं केलं. मी पेत होतो तवाच कोनी असं आडवं झालं असतं त बरं झालं असतं."

"झालती ना मी," कमलाबाई म्हणाल्या. "दारात. तुमी ओलांडून गेलते."

गुलाबनं बैलांचा कासरा धरला होता. तो खाली पाहू लागला. नानाजींनी मान हलवली, नाही म्हणून नव्हे, आठवलं म्हणून.

"गेलतो," ते म्हणाले. "पन त्या दिशी प्यालो नाई. गुत्त्यापरेंत गेलो अन् वापस आलो. पाय पुन्हा पुन्हा तिथंच अडकून राह्यला होता, दारात."

"हे कधी सांगितलं नाई."

"दुसऱ्या दिशी पुन्हा प्यालो ना. काय सांगू?"

महादेवराव पाठमोरे उभे होते. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग कोणाशी काही न बोलता बैलांचा कासरा गुलाबच्या हातातून घेतला आणि गाडी पुन्हा मोहल्ल्याच्या वाटेला लावली.

"पाणी लागलं त पयला लोटा तुमचा," कमलाबाई मागून म्हणाल्या.

"लागू त द्या आंधी," ते म्हणाले.

दुपारी लाल फडकं लावून सगळ्यांना दूर पिटाळलं. मी आणि रूपराव चिंचेखाली उभे होतो. जमीन एकदा हलली, मग आवाज आला, आणि गावातली सगळी भांडी फळ्यांवर कुजबुजली. धूळ बसल्यावर विहिरीत पाहिलं. खडकाला घाम फुटावा तसं काहीतरी चमकत होतं. नानाजी खाली उतरले. घामाची धार झाली, धारेचा ओघळ झाला. महादेवरावांनी तो गढूळ लोटा दोन्ही हातांनी घेतला, वर पाहून काहीतरी पुटपुटले आणि सगळा प्यायले. मग टोपी सारखी करून आष्टीच्या गाडीकडं निघून गेले.

"काल पेट्या पाह्यल्या ना," रूपराव माझ्या शेजारून म्हणाला, "सारख्याच असतात रे मधुकर. दोरीचे कान बी सारखेच. रोज उचलतो, पन फुटते तवा काय होते ते कधी डोळ्यानं पाह्यलं नवतं. आज पाह्यलं." थोडं थांबून म्हणाला, "साऱ्या अशाच फुटल्या असत्या त."

मला तेव्हा कळलं की मी रूपरावला सांभाळून घेत होतो, ती त्याची गरज नव्हती. त्याला ऐकायचं होतं. गोळा मी माझ्याच भीतीनं गाळला होता.

पुढच्या रविवारी प्रेमदास आला. त्याला त्याच्या मंडळींना सांगायचं होतं की कुठल्या गावी सिनेमाचा काय परिणाम झाला. मी सगळं सांगितलं. तो हसला, मग हसायचा थांबला, मग म्हणाला, "हे मी त्यांना कसं सांगू?" मी म्हटलं, "सांग की एक गाडी अडली आणि एक विहीर झाली." पण एक गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी रुतून होती. ती त्याला सांगता येईना. म्हणून मी संध्याकाळी विहिरीवर गेलो. कमलाबाई दोर ओढत होत्या.

"बाई, एक चूक झाली माझ्याकडून. सिनेमातली गाडी थांबली नव्हती. इंजिनवाला उतरला, त्यानं हात जोडले, हे सगळं मी पदरचं घातलं. माझ्यावर विश्वास ठेवून तुम्ही बैलांपुढं आडव्या झालात. काही झालं असतं तर?"

बाईंनी घागर काठावर ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं.

"असं म्हणलं होतं का तुमी?"

"म्हणजे?"

"आमी त पाह्यलं ना भाऊ. डोळे होते आमाले. गाडी गेली निंघून. बायाईले ओढलं, गाडी गेली."

"मग? नाही थांबत हे पाहून तुम्ही निजलात?"

"इंजिनाले कुठं डोळे असतात? बैलाले असतात." त्यांनी दोर पुन्हा सोडला. "अन् तो इंजिनवाला बी घरी गेलाच असंन. त्या दिशी जेवला का नाई, ते सिनेमात नाई दाखवत."

इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, पण उत्तररंग असा संपतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. देव त्या दिवशी येत नाही. तो दारात अडकलेल्या पायासारखा कुठंतरी मागं राहतो आणि आपल्या वेळेनं येतो.

भारावून मी म्हटलं, "पण बाई, मी सांगितलेला पूर्वरंग? क्रोधाचं ते? ते तरी पोचलं ना?"

कमलाबाईंनी विचार केला. मनानं चांगली बाई, मला दुखवायचं नव्हतं तिला.

"काय सांगू भाऊ. तुमी हात लय चांगले हालवत होते. पन मशीनच्या खडखडीत मधी मधी निसतं 'दारू' तेवढं आयकू ये."

मी घरी आलो. आनंदाबाईंना काही सांगितलं नाही. सध्या एवढंच सांगतो की खताच्या पोत्याचं कीर्तन करायची माझी तयारी अजूनही आहे. माइक मात्र लागेल.